बाहेरचा टेकू आणि आतली भिंत

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

गांबिया हा पश्चिम आफ्रिकेतला एक चिमुकला देश. तिथली मतदानाची पद्धत मोठी गमतीची. मतदाराच्या हातात काचेची एक गोटी द्यायची, आणि त्यानं ती आपल्या उमेदवाराच्या पिंपात टाकायची. गोटी आत पडली की घंटा वाजते. कुणी दोन गोट्या टाकू लागला तर बाहेर बसलेल्यांना लगेच कळतं.

१ डिसेंबर २०१६ रोजी या गोट्यांनी बावीस वर्षं सत्तेवर असलेल्या याह्या जामे यांना हरवलं. अदामा बॅरो निवडून आले. जामेंनी आधी पराभव मान्य केला आणि आठवडाभरात शब्द फिरवला. मग शेजारचे देश पुढे आले. पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघानं जामेंना मुदत दिली. बॅरो यांचा शपथविधी १९ जानेवारी २०१७ रोजी सेनेगलमधल्या गांबियाच्या वकिलातीत झाला. सेनेगल आणि इतर देशांच्या फौजा सीमा ओलांडून आत गेल्या आणि दोन दिवसांत जामे देश सोडून निघून गेले. युद्ध झालं नाही.

अशी बातमी ऐकली की मनात प्रश्न येतो. एखाद्या देशाची लोकशाही बाहेरच्यांच्या दबावानं परत मिळू शकते का? आणि बाहेरच्यांनी दुसऱ्याच्या घरात किती डोकवावं? याचं उत्तर शोधायला आफ्रिकेत जायलाच हवं असं नाही. एकदा आपणही त्या जागी होतो. जग आपल्याकडे काळजीनं पाहत होतं आणि आपलं सरकार जगाला सांगत होतं, 'ही आमची अंतर्गत बाब आहे.'

त्या प्रकरणाची सुरुवातही वादात सापडलेल्या निवडणुकीपासूनच झाली. १९७१ साली रायबरेलीतून इंदिरा गांधी लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. पराभूत उमेदवार राजनारायण कोर्टात गेले. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ती निवडणूक रद्द ठरवली. सुप्रीम कोर्टानं या निकालाला सशर्त स्थगिती दिली आणि २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी लागू झाली. जयप्रकाश नारायण यांच्यासह विरोधी पुढारी पकडले गेले. पुढच्या एकवीस महिन्यांत लाखाहून अधिक माणसं तुरुंगात गेली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. लोकसभेची मुदत १९७६ च्या मार्चमध्ये संपायची होती, तीही दोनदा वाढवण्यात आली.

मी तेव्हा पालीत शाळकरी मुलगा होतो. रात्री जेवणं झाली की ओटीवर चार म्हातारी माणसं ट्रान्झिस्टरभोवती बसत. आवाज अगदी बारीक ठेवलेला. आपल्या रेडिओवर वीस कलमी कार्यक्रमाच्या बातम्या असत, म्हणून ही मंडळी बीबीसी लावत. लंडनहून आलेला आवाज आपल्याच देशात काय चाललंय ते सांगत होता. परक्या देशाची मदत म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा त्या ओटीवर कळलं.

बाहेर बरंच काही घडत होतं. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आपल्या स्वातंत्र्यदिनी, लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जयप्रकाशांच्या सुटकेसाठी पानभर जाहिरात आली. तिच्याखाली शेकडो सह्या होत्या. अमेरिकेतल्या भारतीयांनी 'इंडियन्स फॉर डेमोक्रसी' नावाची संघटना काढली. जून १९७६ मध्ये जॉर्ज फर्नांडिस कलकत्त्यात पकडले गेले, तेव्हा त्यांच्या जिवाला धोका आहे अशी भीती होती. जर्मनीचे विली ब्रांट, ऑस्ट्रियाचे ब्रुनो क्रायस्की आणि स्वीडनचे ओलोफ पाल्मे या समाजवादी नेत्यांनी थेट इंदिरा गांधींकडे चिंता व्यक्त केली. मुंबईचा हा कामगार पुढारी आता गुपचूप नाहीसा होऊ शकत नव्हता. जग त्याच्यावर नजर ठेवून होतं.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. सोव्हिएत रशियानं आणीबाणीला उघड पाठिंबा दिला. पाश्चात्त्य सरकारांनी नाराजी दाखवली, पण भारताला मिळणारी परदेशी मदत थांबली नाही. उलट बाहेरून टीका झाली की सरकारला बोलायला आयतं निमित्त मिळे. 'परकीय हात' हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला होता. दूरच्या बलाढ्य देशानं डोळे वटारले तर इथला सत्ताधारी देशाभिमानाची ढाल पुढे करतो.

या सगळ्यात एका मराठी माणसाची अवस्था मला फार बोलकी वाटते. त्या काळात देशाचे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. परदेशी सरकारांपुढे भारताची बाजू मांडण्याचं काम त्यांच्या खात्याकडे होतं. १९७५ च्या डिसेंबरात त्यांच्याच कऱ्हाडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. यशवंतराव स्वागताध्यक्ष, तर अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत. जयप्रकाश तेव्हा पॅरोलवर सुटून मुंबईच्या जसलोक रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी होते. दुर्गाबाईंनी भर मांडवात त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि लेखनस्वातंत्र्यावरच्या बंधनांविरुद्ध बोलल्या. परदेशी वकिलातीला 'ही आमची अंतर्गत बाब' असं सांगून गप्प करता येतं. पण कऱ्हाडच्या मांडवात, मराठीत, आपल्याच घरच्या बाईनं बोललेल्या शब्दाला ते उत्तर कसं देणार? पुढे १९७६ मध्ये दुर्गाबाईंना एशियाटिक लायब्ररीतून अटक झाली.

१८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. का केली, याबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही. आपण जिंकू असा विश्वास होता, असं काही म्हणतात. जगात आपली प्रतिमा हुकूमशहाची होतेय ही बोच होती, असं इतर सांगतात. दोन्ही खरं असू शकेल. मात्र निर्णय कुणी केला याबद्दल वाद नाही. तो मार्चमध्ये मतदारांनी केला. रायबरेलीत राजनारायण पन्नास हजारांहून अधिक मतांनी जिंकले. जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातून मुझफ्फरपूरला निवडून आले. महाराष्ट्रात ४८ पैकी काँग्रेसला २० जागा मिळाल्या, आणि आमच्या कुलाबा मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील लोकसभेत गेले. यापैकी एकही मत लंडनहून आलं नव्हतं.

हा अनुभव मनात ठेवून पुन्हा आफ्रिकेकडे पाहिलं तर तिथल्या गोष्टी उलगडतात. झिंबाब्वेत २००८ साली पहिल्या फेरीत रॉबर्ट मुगाबे मागे पडले. मग विरोधकांवर इतके अत्याचार झाले की मॉर्गन त्स्वांगिराई यांनी दुसऱ्या फेरीतून माघार घेतली. पाश्चात्त्य देशांनी निर्बंध लादले होते. पण मुगाबे 'जुने गोरे मालक परत येताहेत' असं म्हणत २०१७ पर्यंत टिकले. केनियात २००७ च्या अखेरीस निकालावरून दंगली पेटल्या, हजाराहून अधिक माणसं मेली. तिथे कोफी अन्नान यांनी दोन्ही बाजूंना एकत्र बसवून २८ फेब्रुवारी २००८ रोजी समझोता घडवला. रक्तपात थांबला, पण निवडून कोण आलं होतं याचं उत्तर मिळालं नाही. सत्ता वाटून घेतली गेली. मलावीत २०१९ च्या निवडणुकीत मतांच्या आकड्यांवर खोडण्याचा पांढरा रंग फासलेला सापडला. लोक महिनोन् महिने रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्याच न्यायाधीशांनी ती निवडणूक रद्द केली आणि जूनमधल्या फेरनिवडणुकीत विरोधी उमेदवार जिंकला. आपल्याला अलाहाबादची आठवण यावी असाच हा निकाल.

गांबियात दबाव यशस्वी झाला, कारण तो शेजाऱ्यांचा होता आणि निकाल आधीच स्पष्ट होता. ज्या आयोगानं गोट्या मोजल्या, तो आपल्या मोजणीवर ठाम राहिला. आतला तो खांब मोडला असता, तर बाहेरच्या फौजा कुणासाठी आल्या असत्या?

कोकणात पावसाळ्यापूर्वी कुडाच्या भिंतीला टेकू देतात. टेकूमुळे भिंत एखादा पावसाळा तग धरते. ती टिकवायची तर लिंपण घरातल्यांनाच करावं लागतं. परदेशी दबावाचं तसंच आहे. तो तुरुंगातल्या माणसाचा जीव वाचवतो, दडपलेली बातमी ओटीपर्यंत पोचवतो, चोरीच्या सत्तेला मान्यता नाकारतो. एवढंही कमी नाही. आपल्यासाठी कुणीतरी ते केलं होतं, म्हणून दुसऱ्याच्या वेळी 'आपल्याला काय त्याचं' असं आपण म्हणू नये.

आमचा सुधागड तालुका १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता. माझ्या आजोबांच्या तरुणपणी पालीच्या माणसाला राजा मतपेटीतून बदलता येत नव्हता. १९७७ च्या मार्चमध्ये ते काठी टेकत मतदानाला गेले. परत आल्यावर त्यांनी बोटावरची शाई आम्हा मुलांना दाखवली आणि त्या रात्री ट्रान्झिस्टरचा आवाज मोठा केला.