टोकनवरची सही काय सांगते, काय सांगत नाही

लॉगिन झाल्यावर सर्व्हर देतो ते जेडब्ल्यूटी टोकन एन्क्रिप्ट केलेले असते, हा समज अनुभवी प्रोग्रामरांमध्येही घट्ट बसलेला आहे. टोकन दिसतेही तसेच: दोन टिंबांनी तोडलेली अगम्य अक्षरांची लांबलचक ओळ. प्रत्यक्षात नेहमीच्या टोकनमधले पहिले दोन तुकडे म्हणजे बेस64यूआरएल पद्धतीने लिहिलेला साधा जेसन मजकूर. तो किल्लीशिवाय कुणालाही वाचता येतो. एचएस256 पद्धतीत सर्व्हर हे दोन तुकडे मधल्या टिंबासकट गुप्त किल्लीसह एचमॅकमधून काढतो आणि येणारे 32 बाइट तिसरा तुकडा म्हणून जोडतो; हीच सही. मधल्या तुकड्यात कुणी ‘युजर’चे ‘अ‍ॅडमिन’ केले, तर सही जुळत नाही. मजकूर बदललेला नाही एवढीच ती ग्वाही. मजकूर झाकणे हे तिचे काम नाही. म्हणून पॅन किंवा मोबाइल नंबर त्यात घालूच नये.

सही आहे म्हणजे तपासणी होतेच, हा दुसरा समज जास्त घातक. बहुतेक लायब्ररींत टोकन नुसते उलगडून वाचण्याची सोयही असते; घाईत तीच वापरली, तर सहीकडे कुणी बघतच नाही. शिवाय कोणत्या पद्धतीने सही केली हे टोकनच्या पहिल्या तुकड्यात लिहिलेले असते, आणि तो तुकडा पाठवणाऱ्याच्या हातात असतो. 2015 मध्ये उघड झाले, की तिथे ‘नन’ लिहिले तर काही लायब्ररी सहीविनाच टोकन स्वीकारत होत्या. ‘आता लायब्ररी सुधारल्या आहेत’ हे खरे, पण अर्धेच. कोणती पद्धत चालेल हे आपल्या कोडनेच ठरवावे, असे 2020 चे आरएफसी 8725 बजावते. टोकन कुणी दिले, कुणासाठी दिले, मुदत संपली का, हेही तपासावे लागते. आणि किल्ली ‘सीक्रेट123’ अशी असेल, तर एक टोकन हाती पडताच हल्लेखोर आपल्या संगणकावर बसून ती शोधून काढतो. एचएस256 साठी किमान 256 बिटांची किल्ली बंधनकारक आहे.

लॉगआउटने टोकन रद्द होते, हेही तितकेच चूक. ब्राउझरमधली प्रत पुसली, तरी चोरलेली प्रत मुदतीपर्यंत चालते. टोकन रद्द झाले का हे दर वेळी डेटाबेसमध्ये पाहायचे, तर टोकनचा फायदा काय, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे टोकनची मुदत 10-15 मिनिटांचीच ठेवायची आणि नवे टोकन मिळवून देणाऱ्या रिफ्रेश टोकनची नोंद सर्व्हरवर ठेवायची. लॉगआउट होताच ती नोंद रद्द करा.