चार डबे म्हणजे चौपट नेट?

मैत्रिणींनो, फ्रीज कुठं ठेवायचा, मिक्सरचा प्लग ओट्याच्या कुठल्या बाजूला हवा, देवघराचं तोंड कुठं, हे सगळं आपण ठरवतो. वायफायचा डबा कुठं बसवायचा, हे मात्र वायर घेऊन आलेला मुलगा ठरवतो. त्याला पुढं आणखी तीन घरं करायची असतात. दाराजवळ प्लग दिसला की त्यानं डबा लावलाच! मग आतल्या खोलीत नेट येत नाही म्हणून वर्षभर कटकट. कटकट वाढली की घरातलं कुणीतरी आणखी एक डबा आणतं. त्यानंही भागलं नाही की आणखी एक.

वाईतल्या एका जुन्या घरी गेल्या उन्हाळ्यात असे चार डबे मी पाहिले. ओसरी, माजघर, मागं स्वयंपाकघर, वर माडी असं ऐसपैस घर. भिंती दगड-विटांच्या, हातभर जाडीच्या. घरातली सून एका विमा कंपनीचं काम माडीवर बसून करते. दिवसातून चार-पाच व्हिडिओ कॉल. पदरात तीन वर्षांचा मुलगा. कॉल सारखे तुटायचे म्हणून साहेबांनी पत्र धाडलं होतं, महिनाभरात नेट सुधारा, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा. तिच्यापुरता याचा अर्थ एकच, नोकरी सोडा. राजीनामा लिहूनही झाला होता. तिच्या सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, चार डबे लावलेत, आणखी काय करायचं? आमचे हे म्हणतात, तिच्या नोकरीपायी किती खर्च करायचा." काकूंचा सूर रागाचा नव्हता, हरल्याचा होता.

आता मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. पण २०२० च्या टाळेबंदीत आमच्या गटानं मुलांसाठी समाजमंदिरात ऑनलाइन अभ्यासाची सोय केली, तेव्हापासून या डब्यांशी माझी झटापट चालू आहे. भाचा फोनवर सांगायचा, मी वहीत उतरवून घ्यायचे. तीच वही घेऊन मी गेले.

पहिलं काम मोजण्याचं. स्पीड टेस्टचं अ‍ॅप फुकट मिळतं. मात्र मोजताना मोबाइलचा डेटा बंद करायचा बरं का, नाहीतर आपण वायफाय समजून सिमकार्डाचंच नेट मोजत बसतो. काकूंच्या दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर आम्ही लिहीत गेलो. प्लॅन १०० एमबीपीएसचा. ओसरीतल्या मूळ डब्याला वायरनं लॅपटॉप जोडला तर ९३. म्हणजे बाहेरून येणारं नेट चोख होतं, दोष घरातच होता. माजघरात ४०. स्वयंपाकघरात कधी ६, कधी काहीच नाही. माडीवर २. व्हिडिओ कॉलला साधारण ४ लागतात, पण तेही सलग यायला हवेत.

आणि माडीवर फोनवर रेंजच्या काड्या मात्र पूर्ण! सून म्हणाली, "ताई, रेंज तर फुल्ल आहे." इथंच सगळ्यांची फसगत होते. काड्या सांगतात आपल्यापासून जवळचा डबा किती जवळ आहे ते. त्या डब्यापर्यंत नेट किती पोचतंय, ते काड्या सांगत नाहीत. नळाला भारी तोटी बसवली पण टाकीतच पाणी नाही, तसलं हे.

घरातली मांडणी अशी होती. ओसरीत कंपनीनं दिलेला डबा, त्याला फायबरची वायर येते. त्याचंही वायफाय चालू. जावयांनी दोन डब्यांचा मेशचा संच आणून दिलेला. त्यातला पहिला ओसरीतच मूळ डब्याला वायरनं जोडलेला, दुसरा माडीवर. मेश म्हणजे जाळं. पहिल्या डब्यानं हवेतून दुसऱ्याकडं नेट द्यायचं, त्यानं पुढं आपल्याला द्यायचं. चौथा डबा जुन्या कनेक्शनचा, स्वयंपाकघरात फ्रीजवर ठेवलेला. फोनला सोपं जावं म्हणून मुलानं सगळ्या वायफायना एकच नाव, एकच पासवर्ड देऊन टाकलेला.

आम्ही सगळं बंद केलं. नुसता कंपनीचा डबा चालू ठेवला, पाच मिनिटं थांबलो, मोजलं. मग एकेक डबा चालू करायचा, थांबायचं, पुन्हा मोजायचं. कंटाळवाणं काम आहे, पण चारही डबे एकदम चालू ठेवून दोष शोधणं म्हणजे अंधारात मोहरी निवडणं.

फ्रीजवरचा जुना डबा चालू केला आणि पाचच मिनिटांत काकूंचा फोन म्हणाला, वायफाय जोडलंय पण इंटरनेट नाही. सापडला चोर! घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला राउटर एक नंबर देतो, जणू पंगतीतलं पान. हा नंबर घरात एकानंच वाटायचा असतो. इथं कंपनीचा डबाही वाटत होता आणि जुना डबाही. त्यात दोघांचा स्वतःचा पत्ता एकच, १९२.१६८.१.१. पुष्कळ राउटर कारखान्यातून हाच पत्ता घेऊन येतात. ज्या फोनला जुन्या डब्यानं नंबर दिला, तो बाहेर जायचा रस्ता त्याच डब्याला विचारणार, आणि त्या डब्याला रस्ताच माहीत नाही. भरीला मेशचा पहिला डबाही वेगळे नंबर वाटत होता. नाव एकच असल्यामुळं सुनेचा लॅपटॉप कधी या जाळ्यात, कधी त्या. प्रत्येक उडीला नंबर बदलायचा आणि कॉल तुटायचा.

म्हणून जाळ्यात कर्ता एकच हवा. (नेटवर्कपुरतं बोलतेय हं!) बाकीच्यांना 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'वर टाकायचं, म्हणजे ते नंबर न वाटता नुसतं नेट पुढं देतात. मेशच्या अ‍ॅपमध्ये हा पर्याय असतो. जुन्या राउटरमध्ये नसला तर त्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा, त्यातलं 'डीएचसीपी' बंद करायचं आणि वायर 'लॅन' लिहिलेल्या भोकात घालायची. आम्ही मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट केलं, कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करून त्याला नंबर वाटायचं काम ठेवलं, आणि जुना डबा सरळ काढून ठेवला. काकूंना ते पटेना. चालू वस्तू का काढायची? पण डबे वाढले की नेट वाढतं, हा समजच खोटा आहे.

त्या जुन्या डब्याची जागाही वाईटच होती. शेजारी मायक्रोवेव्ह. वायफायच्या दोन लहरी बहुतेक डब्यांत असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जाते, भिंतीतून बरी जाते, पण हळू. ५ वेगवान, पण जाड भिंतीपुढं दमते. मायक्रोवेव्ह चालतो तोही २.४ च्याच आसपास, त्यामुळं दूध गरम होईपर्यंत तिथलं नेट डळमळतं. फ्रीज, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्याआड डबा ठेवू नये. माडीवरचा डबा नेमका लोखंडी कपाटामागं होता, वर क्रोशाचा रुमाल! रुमालानं लहरी फारशा अडत नाहीत, पण डबा तापतो. रुमाल काढला.

मेशच्या बाबतीत एक गोष्ट मी जाईन तिथं सांगते. दुसरा डबा आपण ठेवतो कुठं? जिथं नेट येत नाही तिथं. पण तिथं त्यालाही येत नाही, मग तो देणार काय? तो मधे ठेवायचा, जिथं नेट अजून बरं येतंय तिथं. विहिरीवरून हातोहात बादल्या देताना मधल्या माणसाचे हात दोन्हीकडं पोचावे लागतात, तसं. आम्ही तो जिन्याच्या तोंडाशी आणला, आणि माडीवर २ चे ३८ झाले.

एवढ्यावर भागलं असतं. पण स्वयंपाकघरातून जुन्या डब्याची वायर मोकळी झाली होती. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती जिन्यापर्यंत ओढली आणि मेशचा दुसरा डबा हवेऐवजी वायरनं जोडला. माडीवर ८६! हवेतून नेट पुढं देताना तीच लहर घ्यायला आणि द्यायला वापरली, तर वेग जवळजवळ निम्मा होतो. अशा दोन उड्या झाल्या तर निम्म्याचा निम्मा. वायरीत तो तोटा नाही, आणि ही वायर १०० मीटरपर्यंत चालते. मात्र दोन डब्यांमधे दोन वायरी टाकू नयेत. नेट त्यातच गोल फिरत बसतं आणि सगळ्या घराचं बंद पडू शकतं.

आता वीज. ओसरीतला प्लग इन्व्हर्टरवर होता, जिन्यातला नव्हता. लाईट गेली की मूळ डबा चालू आणि माडीचा मेलेला! तोही प्लग इन्व्हर्टरवर घेतला.

डब्याच्या मागं टाचणीच्या भोकात 'रीसेट' असतं, ते चिडून दाबू नका. बंद करून चालू करणं वेगळं, रीसेट वेगळं. रीसेटनं सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, कंपनीनं भरलेलं नाव-पासवर्डसुद्धा. कंपनीच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला तर दोष फायबरच्या वायरीत समजा आणि तक्रार नोंदवा. तो नसेल, तरी मूळ डब्याला वायर लावून मोजलेला आकडा हातात ठेवूनच फोन करा. "नेट चालत नाही हो," म्हटलं की ते "बंद करून चालू करा" म्हणतात. "वायरवर शंभराऐवजी अकराच येतंय," म्हटलं की माणूस पाठवतात.

नवा डबा घेणार असाल तर एका कंपनीचा मेश दुसरीच्या मेशशी सहसा जुळत नाही, हे लक्षात ठेवा. २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्स या संस्थेनं 'ईझीमेश' नावाचं प्रमाण आणलं खरं, पण दोन्ही डब्यांवर तसं लिहिलेलं हवं.

मला त्या घरात सगळ्यात खटकलं ते वेगळंच. वायफायचा पासवर्ड सगळ्यांना पाठ. पण डब्याच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा असतो, तो फक्त मुलाकडं, आणि मुलगा आठवडाभर फिरतीवर. जिची नोकरी त्या डब्यावर, तिच्याकडं किल्ली नाही. कुणी मुद्दाम ठेवलं नव्हतं असं, तिनं कधी मागितलं नाही एवढंच. त्या दिवशी फोन करून मागितला. आता तो चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराच्या आत चिकटवलाय, काकूंच्याच अक्षरात.

एक किरकोळ तक्रार राहिली. सून ओसरीतून माडीवर गेली तरी फोन कधी कधी खालच्याच डब्याला चिकटून राहतो. कुठला डबा धरायचा हे शेवटी फोन ठरवतो, राउटर नाही. फोनचं वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की जवळचा डबा धरतो.

राजीनाम्याचा कागद सुनेनं लेकाला चित्रं काढायला दिला. परसदारी अजून नेट येत नाही. काकूंना तिथं बसून शेंगा फोडताना कीर्तन ऐकायचं असतं, तेव्हा जुना डबा माळ्यावरून काढायचा का, असं परवा त्यांनी फोनवर विचारलं. म्हटलं, काढा, पण आधी त्याचं डीएचसीपी बंद करा. "ते केलंय गं," त्या म्हणाल्या, "वायर किती मीटर आणू तेवढं सांग."