लाल रंग मिरचीचा की कापडाचा?

वैनगंगेच्या काठावरील पवनीस लाल रंगाचे अप्रूप असण्याचे वास्तविक कारण नाही. भौगोलिक मानांकन लाभलेली भिवापुरी मिरची पिकते ती शेजारच्याच टापूत. वाळलेल्या मिरचीचे ढीग, देठ खुडीत बसलेल्या बाया आणि नाकातोंडात जाणारा ठसका हे या भागाचे परिचयाचे दृश्य होय. दुसरीकडे पवनी हे कोष्ट्यांचेही गाव. हातमागाच्या कापडासाठी एके काळी त्याचे नाव होते, आणि सुतास रंग कसा धरतो हे येथील कित्येक घरांना पिढीजात ठाऊक. अशा गावात संध्याकाळी हातगाडीवरच्या परातीत मंचुरियनचे भडक लाल गोळे रचलेले दिसतात, तेव्हा त्यांचा रंग या दोहोंपैकी कोणाच्या घराण्यातला, असा प्रश्न पडावयास हवा. तो सहसा पडत नाही. शाळा-कॉलेज सुटल्यावर विद्यार्थी आणि कचेरी सुटल्यावर कारकून मंडळी ‘हाफ प्लेट’ मागवितात, आणि गोळा जितका लाल तितका तो चवदार, अशी एक समजूत रूढ झालेली आहे.

हा पदार्थ चिनी नव्हे, आणि मांचुरियाशी तर त्याचा सुतराम संबंध नाही. कलकत्त्यात चिनी कुटुंबात जन्मलेले नेल्सन वांग हे मुंबईत आचारी होते. 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी नव्या चवीच्या शोधात कोंबडीचे तुकडे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळून तळले आणि आले, लसूण, हिरवी मिरची यांच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला, अशी या पदार्थाच्या जन्माची सर्वमान्य कथा आहे. कोंबडीची जागा पुढे फुलकोबीने आणि पत्ताकोबीने घेतली, व मंचुरियन शाकाहारी झाले. आज लहान गावांतून त्याची ओळख आहे ती याच रूपात.

वैदर्भीय माणसास तो इतक्या लवकर आपला का वाटला, याचे उत्तर त्याच्याच स्वयंपाकघरात आहे. डाळीचे गोळे करून ते कढीत सोडावयाचे, ही रीत येथे जुनीच. गोळा आणि त्याला भिजविणारा रस हे नाते जिभेला अनोळखी नव्हते. बदलला तो रस. तथापि कढीतील गोळा मऊ असावा लागतो आणि मंचुरियनचा कुरकुरीत. नेमकी इथेच बहुतेक घरगुती प्रयत्नांची फजिती होते.

दोष बहुधा पाण्याचा असतो. किसलेल्या पत्ताकोबीस मीठ लागले की ती पाणी सोडते. ते पिळून न काढता मिश्रण सैल झाले म्हणून वर मैदा घालीत गेल्यास गोळा चिवट होतो, कारण मैद्यातील चिकटपणा कालविण्याने वाढतो. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे निव्वळ स्टार्च. त्यात तो चिकटपणा नसल्याने त्याचे कवच ठिसूळ, खुटखुटीत बनते. म्हणून कोबी, गाजर घट्ट पिळून घ्यावे, मैदा जेमतेम गोळा बांधला जाईल इतकाच ठेवावा आणि त्यास कॉर्नफ्लोअरची जोड द्यावी. पहिल्यांदा मध्यम आचेवर तळून आतील कोबी शिजवावी, गोळे निवू द्यावेत आणि वाढण्यापूर्वी कडकडीत तेलात पुन्हा एकवार सोडावेत. दुसऱ्या तळणीत कवचातील उरलासुरला ओलावा वाफ होऊन निघून जातो. रसा मात्र आधी तयार हवा. तेल चांगले तापवून त्यात लसूण, आले, मिरची परतावी, सोया सॉस व किंचित व्हिनेगर घालावे आणि थंड पाण्यात कालविलेले कॉर्नफ्लोअर ओतून उकळी येईपर्यंत ढवळावे. गरम पाण्यात ते कालविले तर गुठळ्या होतात. गोळे रश्शात पडायचे ते अगदी शेवटी, ताटली समोर आल्यावर. त्यानंतर कुरकुरीतपणाचे आयुष्य काही मिनिटांचे. (डबा भरून घरी नेलेले मंचुरियन हे म्हणूनच पुन्हा कढीगोळ्यांकडे झुकते.)

सोया सॉसच्या नावाने नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, आणि अजिनोमोटोच्या नावाने त्याहून अधिक. जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी 1908 साली वेगळे केलेले हे चवीचे द्रव्य बेताने खाल्ल्यास सर्वसाधारण माणसास अपाय करते, असे सिद्ध झालेले नाही. ओरड चुकीच्या बाटलीविरुद्ध चालली आहे, असेच म्हणावे लागते. पाहावयास हवे ते रंगाच्या पुडीकडे.

कर्नाटकच्या आरोग्य खात्याने 2024 साली तपासलेल्या गोबी मंचुरियनच्या 171 नमुन्यांपैकी 107 नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग आढळले. मार्च महिन्यात त्या राज्याने या पदार्थात असे रंग वापरण्यास बंदी केली. शिक्षा सात वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाखांपर्यंत दंड. त्याच वर्षाच्या प्रारंभी गोव्यातील म्हापसा नगरपालिकेने तर मंचुरियनच्या विक्रीसच मनाई केली. हा दुसरा उपाय आततायी होय. गुन्हा रंगाचा आणि शिक्षा कोबीला! सापडलेल्या रंगांत रोडामाइन-बी होते. ते कापड, कातडे, कागद रंगविण्याचे द्रव्य असून अन्नात घालण्यास भारतात कोठेच परवानगी नाही. कर्नाटकचा आदेश महाराष्ट्रास लागू नसला तरी हा निषेध पवनीसही लागू आहेच. सुताच्या लडीवर जे शोभते ते पोटात जाऊ नये, हे कोष्ट्यांच्या गावास वेगळे समजावून सांगावे लागू नये.

विक्रेत्याची बाजूही ऐकून घ्यावयास हवी. चिमूटभर रंगात परातभर गोळे लाल होतात. तेच काम मिरचीकडून करून घ्यावयाचे तर खर्च आणि खटाटोप दोन्ही वाढतात, आणि तरीही फिका गोळा पाहून गिऱ्हाईक पुढच्या गाडीकडे वळते ते वळतेच. तेव्हा तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याइतकीच गिऱ्हाइकाची नजरही येथे जबाबदार आहे. कापसाचा बोळा पाण्यात वा तेलात भिजवून पदार्थावर घासावा आणि त्याला चढलेला रंग पाहावा, ही कृत्रिम रंगाचा संशय पडताळण्याची साधी रीत आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतही ती सहज दाखविता येईल. अर्थात शेवटचा निर्वाळा रासायनिक तपासणीचाच.

सुक्या लाल मिरच्या बिया काढून अर्धा तास कढत पाण्यात भिजवाव्यात, लसणीबरोबर बारीक वाटाव्यात आणि ते वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतावे. तेलावर येणारा तवंग तर्रीच्या जातीचा असतो. पुढे सोया सॉस पडला की हा लाल रंग काळपट, विटकरी होतो. ओळखीच्या भडक लालीशी तो जुळत नाही, आणि खाल्ल्यावर बोटांनाही फारसा चिकटून राहात नाही.