माजाचे वेळापत्रक

गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. माज टिकतो जेमतेम अर्धा दिवस. अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गाई विस्तीर्ण कुरणांत चरतात. त्यांचा माज टिपून कृत्रिम रेतन कसे करणार? आपण क्रमाने पाहू.

बीज सुटल्यावर अंडाशयात पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन स्रवतो तोवर माज येत नाही. प्रोस्टाग्लँडिन टोचून तो विरवता येतो; पण पहिल्या पाचेक दिवसांतील कोवळ्या पिंडावर ते चालत नाही. म्हणून आधी जीएनआरएच टोचतात. त्याने पक्व पुटक फुटून नवा पीतपिंड बनतो. सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन दिले, की बहुतेक गाईंचे पीतपिंड एकदम विरतात. सुमारे अडीच दिवसांनी पुन्हा जीएनआरएच, त्याच वेळी रेतन. माज पाहावा लागत नाही. मात्र उपासमारीने खंगलेल्या गाईला आधी चारा हवा. नुसती संप्रेरके पुरत नाहीत.