आज तिथी कोणती?

दिवेआगरहून श्रीवर्धनकडे समुद्राला लगटून जाणारा रस्ता एकदा तरी बघावाच, मैत्रिणींनो. आमच्या बचत गटाच्या अकरा जणी जीपने निघालो होतो. श्रीवर्धन म्हणजे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव, पण आम्हाला ओढ हरिहरेश्वरची. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असा इथल्या दर्शनाचा क्रम. त्यानंतर डोंगरामागून, समुद्राकाठच्या खडकांवरून प्रदक्षिणा.

दुपारचा दीड वाजला होता. कोकम सरबत विकणाऱ्या मावशींनी विचारलं, "आज तिथी कोणती?" षष्ठी. "मग आत्ता नको. पाणी चढतंय. उद्या सकाळी जा."

आमच्यातल्या एकीचा नवस होता. "देवाच्या दारात कसली भीती?" म्हणून ती हटूनच बसली. मावशी शांतपणे म्हणाल्या, "देव कुठं पळून जात नाही गो, खडक मात्र निसरडा होतो." या खडकांवरून लाटेने माणसं ओढून नेली आहेत, हे किनाऱ्यावरच्या बाईला सांगावं लागत नाही.

त्यांचा हिशेब सोपा. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, त्याआधी साधारण सहा तास ओहोटी. म्हणजे साडेदहानंतर पाणी चढायला लागतं. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हिशेब ढोबळच, पण कोळणींना तोंडपाठ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. कॅलेंडरवरची तिथी आपण फक्त उपासासाठी बघतो, नाही का?

मुक्काम वाढला. दोघींच्या घरून फोनवर बोलणीही ऐकावी लागली. (बाई एक दिवस उशिरा आली तर घर कोसळतं की काय!)

सप्तमीला सकाळी दहाला निघालो. दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि एकदम समोर समुद्र! लाटांनी कोरलेला सपाट खडक, त्यात मधाच्या पोळ्यासारखी भोकं, खळग्यांत अडकलेलं पाणी, त्यात इवले खेकडे. शेवाळ टाळत, एकमेकींचे हात धरून चाललो. नवसवाली सगळ्यांत पुढे. काल जिथून जायचा तिचा हट्ट होता, तिथला खडक तिने नीट न्याहाळला. काही बोलली नाही.

अकराच्या आत वर आलो. पुढे बागमांडल्याहून फेरीबोटीत जीप चढवून सावित्रीची खाडी ओलांडली. बोटीत नवसवालीच सगळ्यांना विचारत होती, "सांगा, दशमीला भरती किती वाजता?"

साडेसात.