साथीत फुटबॉल : धोका मैदानाबाहेरचाच!

करोनाच्या साथीत फुटबॉल खेळणे कितपत सुरक्षित? २०२०-२१च्या मोसमात इंडियन सुपर लीगने याचे उत्तर गोव्यात शोधले. ११ संघ हॉटेलांत बंदिस्त, वारंवार चाचण्या आणि फातोर्डा, बांबोळी, वास्को या तीनच मैदानांवर रिकाम्या प्रेक्षागारांपुढे ११५ सामने! मोसम पार पडला, मुंबई सिटी विजेती ठरली. घरच्यांपासून महिनोन्महिने दूर राहिलेल्या खेळाडूंचे काय झाले असेल, हा प्रश्न वेगळाच.

तसा मोकळ्या मैदानावर संसर्गाचा धोका कमी. तो असतो ड्रेसिंग रूममध्ये, बसमध्ये, एकत्र जेवताना. जानेवारी २०२२मध्ये ओमायक्रॉन या कडेकोट बंदोबस्तातही शिरला. खेळाडू खोल्यांत अडकले, सामने पुढे ढकलावे लागले. अखेर २० मार्चच्या अंतिम सामन्याला फातोर्ड्याचे दरवाजे प्रेक्षकांसाठी उघडले.