खेड्याचें शहर होतांना

पुण्याहून नगर रस्त्यानें निघालें म्हणजे वाघोली, लोणीकंद मागें टाकून भीमा ओलांडतांच कोरेगांव भीमा लागतें. पुढें सणसवाडी आणि मग शिरूर तालुक्यांतील शिक्रापूर. चाकणकडून येणारा रस्ता येथेंच नगर रस्त्यास मिळतो. कारखान्यांची पाळी सुटण्याच्या वेळीं या चौकांत पांच मिनिटें उभें राहिलें, तर आजचा विषय मीं निराळा समजावून सांगण्याचें कारण उरणार नाहीं. मालवाहू गाड्या, कामगारांच्या बसगाड्या, उसाचे ट्रॅक्टर आणि सायकलीवरून घरीं निघालेलीं मुलें, हीं सर्व एकाच रस्त्यावर वाट शोधीत असतात.

शिक्रापूर आतां केवळ खेडें राहिलेलें नाहीं, आणि अद्याप शहरही झालेलें नाहीं. एका बाजूस रांजणगांवची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस सणसवाडीचे कारखाने, आणि वायव्येस चाकणचा मोटारधंदा. या तिहींच्या मध्यें जो गांव सांपडतो, तो कोणाच्या हुकुमावांचूनही वाढतो. कामगारास राहावयास खोली हवी, म्हणून शेतकरी विहिरीलगतच्या तुकड्यावर चाळ बांधतो. चाळीस दुकान हवें, दुकानास रस्ता हवा. परंतु खोली आधीं येते आणि रस्ता मागाहून. येथेंच सर्व घोटाळ्याचें मूळ आहे.

गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो. शेतीचे फार लहान तुकडे पडूं नयेत म्हणून 1947 सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला. तरी शहरांच्या कडेला गुंठ्या-गुंठ्यांनीं विक्री होतच राहिली, आणि 2001 सालीं अशीं बांधकामें नियमित करण्यासाठीं गुंठेवारीचा निराळा कायदा करावा लागला. विकणारा फक्कीच्या रेघा मारून दहा-बारा फुटांची वाट दाखवितो. घेणाऱ्याचें समाधान होतें. परंतु शेजारच्या शेतांतील वाट या वाटेस जुळत नाहीं, सांडपाण्यास उतार मिळत नाहीं, आणि पावसाचें पाणी ज्या ओढ्यानें वेळ नदीस जात असे, त्या ओढ्यावरच भिंत उभी राहते. यांत कोणा एकाचा दुष्टावा नसतो. प्रत्येकानें आपल्यापुरता विचार केलेला असतो. सर्वांचा मिळून विचार कोणींच केलेला नसतो, इतकेंच.

तो विचार करणें म्हणजेच नगररचना. सर पॅट्रिक गेडीस हे 1919 ते 1924 या काळांत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवीत असत. आधीं पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. माणसें कोठून येतात, काय मिळवितात, पाणी कोठून वाहतें, हें न पाहतां कागदावर काढलेला रस्ता कागदावरच राहतो.

आराखडा अमलांत आणण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली आरक्षणाची. नकाशावर अमुक शेतांत रस्ता, तमुक शेतांत शाळा असें दाखवावयाचें आणि पुढें ती जमीन संपादन करावयाची. यांत अडचण अशी, कीं ज्याच्या शेतांत रस्ता पडला त्याची जमीन जाते, आणि शेजाऱ्याच्या जमिनीस रस्त्यामुळें सोन्याचा भाव येतो. शिवाय पैशांअभावीं संपादन वर्षानुवर्षें लांबतें. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणें दहा वर्षें लोटल्यावर मालकास नोटीस देतां येते. त्यानंतर 24 महिन्यांत शासनाकडून योग्य पाऊल पडलें नाहीं, तर आरक्षण रद्द होतें. म्हणजे दहा-बारा वर्षें मालकही अडकला आणि गांवासही शाळा मिळाली नाहीं.

दुसरी वाट नगररचना योजनेची. मुंबई इलाख्यानें 1915 सालीं यासाठीं कायदा केला. हिंदुस्थानांत या प्रकारचा तो पहिलाच. वांद्रें, सांताक्रूझ, माहीम येथील कित्येक सरळ रस्ते या योजनांचें फळ आहेत. योजनेची रीत एका उदाहरणानें सांगतों. चार शेतकऱ्यांची प्रत्येकीं शंभर गुंठे जमीन आहे असें समजा. ती चारशें गुंठे एकत्र धरावयाची. त्यांतून रस्ते, गटारें, शाळा, मोकळी जागा व गरिबांचीं घरें यांसाठीं एकशेंसाठ गुंठे काढावयाचे. आणि उरलेल्या जमिनींतून प्रत्येकास साठ गुंठ्यांचा, चौकोनी व रस्त्यास लागून असलेला भूखंड परत द्यावयाचा. झीज सर्वांनीं सारखी सोसली, लाभही सर्वांस मिळाला.

पण येथें हिशेब नीट केला पाहिजे. शंभराचे साठ झाले, तेव्हां गुंठ्याचा भाव निदान दोन-तृतीयांशानें वाढला तरच शेतकऱ्याची बरोबरी होते. भाव वाढतो तो रस्ता व पाणी प्रत्यक्ष आल्यावर. नकाशा मंजूर झाल्यानें नव्हे. भाव वाढल्यावर त्या वाढीचा कांहीं भाग, कायद्याप्रमाणें जास्तींत जास्त निम्मा, योजनेच्या खर्चासाठीं द्यावा लागतो. म्हणून शेतकऱ्यानें योजनेस विरोध केला, तर त्याला अडाणी म्हणण्यापूर्वीं रस्ता कोणत्या वर्षीं होणार हें त्याला सांगितलें पाहिजे.

शेतकरी एकत्र येत नाहींत असें म्हणणाऱ्यांनीं हडपसरची मगरपट्टा नगरी पाहावी. तेथें सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनीं सुमारे 400 एकर जमीन न विकतां एकत्र केली, तिच्यावर शहर वसविलें, आणि जमिनीच्या प्रमाणांत भागीदारी ठेवली. अर्थात् तेथें बहुतेक जमीन एका भावकीची होती. सर्वत्र तसें जमणें अवघड आहे.

शिक्रापूरच्या भागासाठीं 2015 सालीं पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालें. त्याचा प्रारूप आराखडा 2021 सालीं प्रसिद्ध झाला, त्यावर हजारों हरकती आल्या, आणि 2025 सालीं शासनानें तो रद्द केला. या वर्षांत चाळी बांधावयाच्या थांबल्या नाहींत. आराखडा थांबतो, गांव थांबत नाहीं.

मग तोंवर गांवानें काय करावें? मोठा आराखडा हातीं येईल तेव्हां येवो. ओढ्यांच्या हद्दी आज मोजून त्यांवर खुणेचे दगड रोवतां येतात. शिवेवरील पाणंद रस्ते भावी रस्ते समजून मोकळे ठेवतां येतात. आणि ग्रामसभेंत कामगारांच्या खोल्यांचाही प्रश्न घेतां येतो. कारण जो भाडेकरी आहे, त्याच्या नांवावर सातबारा नाहीं, म्हणून त्याची हरकत कोणीं विचारीत नाहीं. पाणी मात्र त्यालाही लागतें, आणि सांडपाणी त्याच्याही दारांत सांचतें. या तीन कामांस फार पैसा लागत नाहीं. भिंत उभी राहण्यापूर्वीं दोर धरणें स्वस्त असतें, हें कोणताही गवंडी सांगेल.